वाचकांचे प्रश्न : अणुवीज केंद्राच्या शेजारचे गाव

मागील अंकात आम्ही कोकण किनाऱ्यावरील वीजप्रकल्पांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे किनाऱ्याच्या दोन भागांतून आली. पहिला भाग पालघर जिल्ह्यातील तारापूर-बोईसरचा, जिथे देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे; दुसरा राजापूर तालुक्याचा, जिथे माडबनच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली, पण प्रत्यक्ष अणुभट्टीचे बांधकाम अजून सुरू झालेले नाही. एका ठिकाणचे लोक अणुवीज केंद्राबरोबर दोन पिढ्या जगले आहेत आणि दुसऱ्या ठिकाणचे लोक त्याची वाट किंवा धास्ती बाळगून एक पिढी जगले आहेत, त्यामुळे ही पत्रे शेजारी ठेवून वाचावीत असे मला वाटले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बोईसरजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. पाचवीच्या वर्गात विजेचा धडा शिकवताना एका मुलाने विचारले, "बाई, वीज आपल्या शेजारी तयार होते, मग पाऊस आला की पहिल्यांदा आपलीच वीज का जाते?" मी त्याला वेळ मारून नेणारे उत्तर दिले आणि ते मला अजून टोचते आहे. खरे उत्तर काय आहे?

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

केंद्रात तयार झालेली वीज केंद्राच्या कुंपणाबाहेर पडते तेव्हा ती घराघरांत वापरता येण्याजोगी नसते. जनित्रातून ती वीस-बावीस किलोव्होल्टच्या आसपासच्या दाबाने निघते, तिथेच रोहित्रांमधून (ट्रान्सफॉर्मरमधून) तिचा दाब २२० किंवा ४०० किलोव्होल्टपर्यंत चढवला जातो, आणि मग ती बोईसर, पडघे अशा मोठ्या उपकेंद्रांकडे अतिउच्चदाब वाहिन्यांवरून जाते. तुमच्या शेतांवरून जाणारे उंच मनोरे हे त्या वाहिन्यांचे आहेत. त्या उपकेंद्रांतून ती महाराष्ट्राच्या आणि पुढे देशाच्या जाळ्यात, म्हणजे ग्रीडमध्ये मिसळते. एकदा मिसळल्यावर तारापूरची वीज, कोयनेची वीज आणि चंद्रपूरच्या कोळशाची वीज यांत फरक उरत नाही. नद्या समुद्राला मिळाल्यावर पाणी वेगळे काढता येत नाही, तसेच हे आहे. तुमच्या शाळेत येणारी वीज या जाळ्यातून उलट प्रवास करून, टप्प्याटप्प्याने दाब उतरवत, शेवटी ३३ आणि ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून गावच्या रोहित्रापर्यंत येते. पावसात तुटते ती ही शेवटची वाहिनी. वाडीतून, आंब्याफणसाच्या फांद्यांमधून जाणारी तार, गंजलेला खांब, ओला झालेला इन्सुलेटर, ही तुमच्या अंधाराची कारणे आहेत. केंद्र एक मैलावर असले काय किंवा हजार मैलांवर असले काय, त्या तारेला त्याचा काही लाभ होत नाही.

हे केवळ खेड्यांचेच दुखणे आहे असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघे आणि कळवा यांना जोडणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि सबंध मुंबई कित्येक तास अंधारात गेली. त्या दिवशी राज्यात विजेची निर्मिती करण्याची क्षमता कमी नव्हती, ती वाहून नेण्याचा मार्ग खंडित झाला होता. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांना वीज परत मिळायला आठवडे लागले, कारण खांब हजारोंच्या संख्येने आडवे झाले होते. माझे आजोळ दापोली तालुक्यात आहे. त्या जूनमध्ये मामीने कंदिलाच्या काचा राखेने घासून पुन्हा वापरायला काढल्या होत्या, आणि त्या वेळी त्या घरापासून जयगड व दाभोळ या दोन मोठ्या वीजप्रकल्पांचे अंतर फार नव्हते.

विजेच्या वाटपाचा हिशेबही तुमच्या विद्यार्थ्याला सांगता येईल. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांची वीज महाराष्ट्राबरोबर गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा यांनाही दिली जाते. कोणाला किती द्यायची हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालय ठरवते, आणि केंद्रीय प्रकल्पांतील साधारण १५ टक्के वीज केंद्र सरकार स्वतःच्या हातात राखून ठेवते. या वाटपात राज्याचा हिस्सा असतो, जिल्ह्याचा नसतो आणि गावाचा तर नसतोच. प्रकल्पाच्या शेजारच्या गावांना अखंड वीज हवी असेल तर तशी वेगळी तरतूद करावी लागते : त्या परिसरासाठी स्वतंत्र ३३ किलोव्होल्टचे उपकेंद्र, गावठाणात भूमिगत वाहिनी, दोन्ही बाजूंनी पुरवठा मिळू शकेल अशी जोडणी. हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अजिबात कठीण नाही आणि अणुभट्टीच्या खर्चापुढे त्याचा खर्च नगण्य आहे. ते आपोआप मात्र होत नाही. मुलाला एवढेच सांगा की त्याचा प्रश्न बरोबर होता आणि तो ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

प्रश्न : मी राजापूरला वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पोफळीला कोयनेचे वीजगृह आहे, दाभोळचा गॅसवरचा प्रकल्प आहे, जयगडला कोळशाचा आहे. जिल्ह्याच्या गरजेच्या कित्येक पट वीज इथे तयार होत असताना अणुवीज कशाला हवी?

उत्तर : तुम्ही वाणिज्याचे विद्यार्थी आहात, म्हणून हा हिशेब मेगावॅटमध्ये न मांडता युनिटमध्ये मांडू. मेगावॅट ही क्षमता असते; आपण विकत घेतो आणि वापरतो ती युनिटे. पाच लाखांचे दुकान टाकले म्हणजे पाच लाखांची विक्री झाली असे होत नाही.

कोयनेची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांची प्रत्येकी ५४० प्रमाणे १,०८० मेगावॅट, म्हणजे कोयनेच्या निम्म्याहून थोडी अधिक. तरीही वर्षाकाठी कोयना सुमारे ३०० कोटी युनिटे देते आणि या दोन अणुभट्ट्या ८० टक्के क्षमतेने चालल्या तर सुमारे ७५० कोटी युनिटे होतात. कोयनेत काही उणीव आहे म्हणून असे होत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यामुळे कोयना ही जपून वापरायची पुंजी आहे. संध्याकाळी सात वाजता राज्यभर दिवे आणि पंखे एकदम सुरू होतात तेव्हा काही मिनिटांत ती मदतीला धावते, आणि तिचे खरे मोल त्यात आहे. अणुभट्टी याच्या उलट स्वभावाची. ती भराभर कमीजास्त करणे सोयीचेही नसते आणि परवडतही नाही, पण रात्रंदिवस, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, ती एकाच लयीत चालते. आपल्या किनाऱ्याला लागूनच असलेल्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील, कारवारजवळच्या कैगा केंद्राची पहिली अणुभट्टी २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली होती आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता.

दाभोळ आणि जयगड यांची अडचण इंधनाची आहे. दाभोळच्या प्रकल्पाची क्षमता १,९६७ मेगावॅट असली तरी परवडणाऱ्या दरात वायू मिळत नसल्याने तिचा मोठा भाग वर्षानुवर्षे पडून राहिला आहे. जयगडचा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प बोटींनी येणाऱ्या कोळशावर चालतो आणि कोळशाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. युरेनियमचे गणित वेगळे आहे : आपल्या जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून सुमारे ५० हजार युनिटे मिळतात, आणि तेवढ्याच विजेसाठी तीसेक टन कोळसा जाळावा लागतो. वर्षभराचे इंधन एका गोदामात मावते, त्यामुळे बाजारात भाव चढले तरी विजेच्या दराला लगेच धक्का बसत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. जिल्ह्याच्या गरजेपुरती वीज जिल्ह्यात तयार होते की नाही हा निकष कोणत्याच मोठ्या वीजप्रकल्पाला लावला जात नाही. पोफळीची वीज पहिल्यापासून मुंबई-पुण्याच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना गेली, आणि त्याबद्दल कोकणाने फारशी तक्रार केली नाही. जैतापूरचा मूळ प्रस्ताव प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९,९०० मेगावॅटचा आहे; तो पूर्ण झाला तर जगातील सर्वांत मोठ्या अणुवीज केंद्रांत त्याची गणना होईल. एवढी वीज रत्नागिरी जिल्ह्यासाठी नाहीच, ती राज्यासाठी आणि देशासाठी आहे. देशातल्या एकूण विजेत अणुवीजेचा वाटा आज जेमतेम तीन टक्के आहे आणि कोळसा कमी करायचा असेल तर तो वाढवावा लागेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. पण देशाची गरज एका तालुक्याच्या जमिनीवर आणि समुद्रावर भागवली जात असेल, तर त्या तालुक्याला वीज सोडून दुसरे काय मिळणार हा प्रश्न विचारणे म्हणजे प्रकल्पाला विरोध करणे नव्हे. तो हिशेब मागण्याचा साधा हक्क आहे.

सौरऊर्जेविषयी तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. एक मेगावॅटच्या सौरप्रकल्पातून वर्षाला साधारण १६ लाख युनिटे मिळतात, अणुभट्टीच्या एका मेगावॅटमधून सुमारे ७० लाख. सौरवीज आज नव्या अणुवीजेपेक्षा स्वस्त पडते, मात्र कोकणात चार महिने आभाळ भरलेले असते आणि रात्र तर रोजच होते. घराच्या कौलांवर आणि शाळांच्या गच्च्यांवर सौरपट्ट्या जरूर बसवाव्यात. मोठ्या शहरांची रात्रीची गरज मात्र साठवणुकीची सोय झाल्याशिवाय त्यावर भागणार नाही.

प्रश्न : अणुवीज स्वस्त आहे असे एक जण सांगतो, महाग आहे असे दुसरा सांगतो. कोण खरे? (निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी)

उत्तर : दोघेही खरे आहेत, ते वेगवेगळ्या वयाच्या अणुभट्ट्यांविषयी बोलत आहेत. अणुवीजेच्या खर्चात इंधनाचा वाटा लहान असतो आणि बांधकामाच्या भांडवलाचा वाटा फार मोठा. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे कर्ज कधीच फिटले, म्हणून त्यांची वीज दीर्घकाळ देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत गणली गेली. त्या अलीकडे काही वर्षे नूतनीकरणासाठी बंद ठेवाव्या लागल्या, हा त्यांच्या वयाचा भाग आहे. नव्या अणुभट्टीचे सगळे अर्थकारण ती किती वर्षांत बांधून होते यावर ठरते. तुम्ही बँकेत होता, तुम्हाला हे उदाहरणाने पटेल : समजा दहा हजार कोटी रुपये खर्च होऊन गेले आहेत आणि व्याज आठ टक्के आहे, तर एका वर्षाच्या विलंबाची किंमत आठशे कोटी रुपये होते, आणि त्या वर्षात एकही युनिट विकले गेलेले नसते.

आपल्याच किनाऱ्यावर याचे चांगले उदाहरण आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांचे काँक्रीटचे काम २००० मध्ये सुरू झाले आणि २००५ मध्ये चौथी व २००६ मध्ये तिसरी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. स्वदेशी आराखडा, पूर्वानुभव असलेले अभियंते आणि ओळखीचे कंत्राटदार यांमुळे हे साधले. याउलट जैतापूरसाठी ठरवलेल्या फ्रेंच बनावटीच्या ईपीआर अणुभट्टीचा इतिहास पाहा. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथे तिचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले आणि नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये सुरू झाली. खुद्द फ्रान्समधल्या फ्लामांव्हील येथे २००७ मध्ये सुरू झालेले काम डिसेंबर २०२४ मध्ये जाळ्याला जोडले गेले आणि खर्च ३.३ अब्ज युरोंच्या मूळ अंदाजावरून १३ अब्जांच्या पुढे गेला. चीनमधील ताईशान येथे हीच भट्टी बरीच लवकर पूर्ण झाली, त्यामुळे दोष केवळ आराखड्याचा आहे असे म्हणता येत नाही. तरीही जैतापूरची वीज काय दराने पडेल हे ठरल्याशिवाय महाराष्ट्राने कोणतीही सही करू नये, असे मी आग्रहाने म्हणेन. एन्रॉन कंपनीबरोबरच्या दाभोळच्या महागड्या वीजकराराने राज्याला शिकवलेला धडा अजून जुना झालेला नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आपल्या घरगुती विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेऊन ठरवतो, तिथे कोणीही ग्राहक उभा राहून हरकत घेऊ शकतो. अणुवीज केंद्राच्या विजेचे दर आजवर अणुऊर्जा विभागाने ठरवले आहेत. ते दर ज्या आकडेमोडीवर आधारलेले असतात ती लोकांपुढे खुली असायला हवी.

प्रश्न : माझे सासर राजापूर तालुक्यात नाटे गावाजवळ आहे. घरात दोन होड्या आहेत, मालक आणि दीर समुद्रावर जातात, मी मासळी विकते. प्रकल्प आला तर सगळ्यांना नोकऱ्या मिळतील असे सांगतात. आमच्या बंदरात आजही नोकरी करणाऱ्यापेक्षा जास्त कमावणारी घरे आहेत. आमच्या धंद्याचे काय होईल ते कोणी सांगत नाही.

उत्तर : ताई, तुम्ही तुमच्या व्यवसायाला 'धंदा' म्हटलेत हे मला फार आवडले, कारण सरकारी कागदांत मासेमारी 'पारंपरिक उपजीविका' होते आणि तिची उलाढाल कोणी मोजत नाही. नाटे-साखरी परिसरात होडी, जाळी, बर्फ, डिझेल, टेम्पो, सुकी मासळी, हॉटेलांचा पुरवठा, असे पैशाचे किती हात आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मला जे माहीत आहे ते सांगतो. अणुभट्टीत तयार होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होते. उरलेली दोन तृतीयांश उष्णता थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले जाते आणि कोमट करून परत सोडले जाते. हे पाणी किरणोत्सारी नसते, कारण ते अणुभट्टीतून न जाता वेगळ्या नळ्यांमधून जाते. पण ते भरपूर असते आणि गरम असते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांसाठी केंद्र सरकारने नियम घातला आहे की सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राचे तापमान सात अंशांहून अधिक वाढता कामा नये. खुल्या समुद्रात, जोरदार भरती-ओहोटीत, हे पाणी लवकर मिसळते. खाडीच्या तोंडाशी किंवा उथळ भागात ते रेंगाळते, आणि तिथेच कोळंबीची आणि लहान मासळीची पैदास होते. पाणी आत ओढताना माशांची अंडी आणि पिल्लेही जाळ्यांवर अडकतात किंवा आत जातात. म्हणून पाणी कुठून घेणार आणि किती खोल, किती दूर सोडणार हा तांत्रिक तपशील तुमच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे, आणि तो ठरवताना जुन्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, बोलावले पाहिजे. कुठल्या महिन्यात बांगडा कुठून येतो हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा अधिक कळते.

दुसरी गोष्ट सुरक्षेची आहे. केंद्रासमोरच्या समुद्रात होड्यांना बंदी असते. किनाऱ्याने सरळ जाता येत नसेल तर वळसा घालावा लागतो, आणि वळसा म्हणजे डिझेल. रोजच्या फेरीला अर्धा तास वाढला तर वर्षाला किती लिटर डिझेल जास्त लागेल हा हिशेब तुमच्या सोसायटीने आजच कागदावर मांडावा. नुकसानभरपाई मागताना 'आमच्यावर अन्याय झाला' यापेक्षा 'आमचे इतके लिटर वाढले' हे वाक्य अधिक टिकते.

तारापूरच्या दक्षिणेला सातपाटी आहे, पापलेटसाठी नावाजलेले बंदर. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला, तो प्रामुख्याने तिथल्या मच्छीमारांच्या प्रयत्नांमुळे आणि पापलेट कमी होत चालल्याच्या चिंतेमुळे. ही घट अणुवीज केंद्रामुळे झाली असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. लहान पापलेटांची बेसुमार मासेमारी, पर्ससीन जाळी (माशांचा अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी) आणि कारखान्यांचे सांडपाणी ही कारणे मच्छीमार स्वतः सांगतात. पण यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. प्रकल्प सुरू होण्याआधी समुद्रात किती आणि कोणती मासळी होती याची नोंद हातात नसेल, तर पुढे काही कमी झाले तरी कशामुळे झाले हे कधीच सिद्ध करता येत नाही. तुमच्या बंदरातली रोजची आवक, जात आणि वजनानिशी, आतापासून लिहून ठेवा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या काळात जुन्या वह्या काढून मागची वर्षेही उतरवता येतील.

नोकरीविषयी तुमची शंका रास्त आहे. मासेमारी करणाऱ्या घरातल्या पन्नाशीच्या माणसाला अणुवीज केंद्रात नोकरी मिळत नाही. मिळाली तर कंत्राटी साफसफाईची किंवा पहाऱ्याची. म्हणून तुमच्या घरासाठी लाभ-हानीची तुलना नोकरीशी न करता होडीच्या वर्षभराच्या कमाईशी करायला हवी.

प्रश्न : मी दहा वर्षे सरपंच होतो. प्रकल्प आल्यावर ग्रामपंचायतीच्या हातात नेमके काय पडते?

उत्तर : सरपंचसाहेब, जे लिहून घेतले तेवढे पडते.

पैसा तीन वाटांनी गावात येतो. पहिली वाट बांधकामाची. त्या सात-आठ वर्षांत हजारो माणसे येतात, खोल्या भाड्याने जातात, डंपर, खडी, जेवणाचे डबे, किराणा यांचा व्यवसाय भरभराटीला येतो. मग काम संपते आणि कायम राहणाऱ्यांची संख्या त्याच्या कितीतरी पटींनी कमी असते. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला तेव्हा ही वाट एका रात्रीत आटली, हे गुहागर तालुक्याने पाहिले आहे. बांधकामाच्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधू नयेत, असे मी प्रत्येक गावात सांगतो.

दुसरी वाट पगाराची. ही अधिक शांत आणि टिकाऊ असते. तारापूरची वसाहत, तिथली शाळा, कर्मचाऱ्यांची नियमित खरेदी यांनी बोईसरच्या बाजारपेठेला आधार दिला यात शंका नाही. पण बोईसरची वाढ केवळ अणुवीज केंद्रामुळे झाली हे खरे नव्हे. पश्चिम रेल्वेचा मुख्य मार्ग, अहमदाबाद महामार्गाची जवळीक, तारापूरची औद्योगिक वसाहत, आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत आलेली लोकल यांचा त्यात मोठा हात आहे. राजापूरच्या किनाऱ्याला यातले काही उपलब्ध नाही. कोकण रेल्वे आहे, पण स्थानक दूर आहे. शिवाय अणुवीज केंद्राभोवती साधारण पाच किलोमीटरच्या परिसरात लोकसंख्या एकदम वाढवणारे मोठे उद्योग आणू दिले जात नाहीत, गावांची नैसर्गिक वाढ तेवढी होऊ दिली जाते. त्यामुळे 'अणुप्रकल्प आला की मागोमाग कारखाने येतील' ही अपेक्षा अगदी शेजारच्या गावांनी ठेवू नये.

तिसरी वाट कराची आणि सामाजिक निधीची. राज्यघटनेच्या कलम २८५ नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर लावता येत नाही. परंतु सरकारी कंपनी ही कायद्याने सरकारपेक्षा वेगळी व्यक्ती मानली जाते आणि सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मान्य केलेले आहे. अणुवीज केंद्रे १९८७ मध्ये स्थापन झालेली न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ही कंपनी चालवते. म्हणून मालमत्ता कराचा प्रश्न सुरुवातीलाच, चांगल्या वकिलाच्या मदतीने, मार्गी लावावा. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते आणि प्रकल्पालगतच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. हा निधी रंगवलेल्या बसथांब्यांवर आणि क्रीडासाहित्याच्या वाटपावर संपू शकतो, किंवा दहा गावांसाठी एक चालता दवाखाना उभा करू शकतो. कोणते होणार हे ग्रामसभेने आधी केलेल्या आराखड्यावर ठरते. तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राविरुद्धचे आंदोलन ऐन भरात असताना २०१२ मध्ये तिथल्या राज्य सरकारने त्या परिसरासाठी ५०० कोटी रुपयांचे विकासकार्य जाहीर केले. इतका मोठा निधी देता येतो हे त्यातून दिसले. तो मागण्यासाठी संघर्ष पेटण्याची वाट पाहावी लागू नये.

जमिनीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांच्या सड्याची नोंद कागदोपत्री बरीचशी पडीक म्हणून होते. आपण कोकणातली माणसे जाणतो की सडा पडीक नसतो. पावसाळ्यात त्यावर गुरे चरतात, दिवाळीनंतर तिथले गवत कापून वर्षभर पुरवतात, कातळात सुरुंग लावून लावलेली हापूसची कलमे पंधरा-वीस वर्षांनी घर चालवतात. जैतापूरच्या भरपाईचा दर २०१३ मध्ये वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख रुपये करण्यात आला, तो त्याआधीच्या दराच्या तुलनेत मोठा होता. पण एकरकमी पैसा आणि दरवर्षी मोहरणारी बाग या दोन वेगळ्या जातीच्या संपत्ती आहेत. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे हलवली गेली. वीज २००५ मध्ये तयार होऊ लागली, आणि पुनर्वसनाच्या सोयींचा वाद त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयात चालत राहिला. जे आश्वासन भट्टी सुरू होण्याआधी पूर्ण होत नाही त्यासाठी पुढे पिढी खर्च होते. म्हणून पुनर्वसनाचा प्रत्येक टप्पा बांधकामाच्या टप्प्याशी बांधून घ्यावा : घरे नाहीत तोवर पाया नाही, पाणी नाही तोवर काँक्रीट नाही, असे स्पष्ट शब्दांत.

प्रश्न : माझा मुलगा लांजा येथे आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम करतो. अणुवीज केंद्रात त्याला खरोखर संधी असते का?

उत्तर : असते, आणि त्यासाठी जैतापूरची वाट पाहण्याचीही गरज नाही. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन देशभरातील केंद्रांसाठी विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी घेते. आयटीआय झालेल्यांसाठी एक श्रेणी असते, पदविकाधारक आणि विज्ञान पदवीधरांसाठी दुसरी. फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे व्यवसाय त्यात नेहमी असतात. लेखी परीक्षेत दहावीपर्यंतचे गणित आणि विज्ञान विचारले जाते, आणि आपली मुले बहुतेक तिथेच मागे पडतात. हाताच्या कामात ती कमी नसतात. त्याला रोज तासभर गणिताला बसवा. तारापूर आणि कैगा या दोन्ही केंद्रांच्या भरतीच्या जाहिराती निघतात तेव्हा दोन्हीकडे अर्ज करायला सांगा. रत्नागिरीहून कारवारला गाडी जाते, आणि तिथे आपली भाषा समजणारी माणसेही पुष्कळ आहेत.